सीलबंद राजवाडा

सौरवनं खिशातून बॅटरी काढली आणि खोक्यावर इतका वाकला, की त्याचं नाक पुठ्ठ्याला टेकतंय की काय असं समताला वाटलं.

“मॅडम, कधी उघडलं नाही ना?”

“सात वर्षांत कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही,” समता म्हणाली.

कोल्हापूरहून आलेला हा गडी अशीच खोकी जमवायचा. बोलायला गोड, पण नजर पोलिसाची. समताला धडकी भरली होती आणि ती लपवायला ती उगीच हसत होती.

बेळगावात बँकेत लागल्यावर पहिल्याच बोनसमधून तिनं ते खोकं घेतलं होतं. परदेशी कंपनीचे नऊ हजार ठोकळे, एकात एक अडकवले की सात मजली राजवाडा. ऑफिसात सगळ्यांनी येड्यात काढलं. पण कंपनीनं तो संच पुन्हा बनवलाच नाही, आणि भाव असा चढला की हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. अट एकच, सील शाबूत पाहिजे. उघडलं की ते खेळणं, मग त्याला कोण विचारतंय?

बेळगावच्या भाड्याच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून खोकं निपाणीला आईच्या खाटेखाली गेलं. समता महिन्यातून एखाद्या रविवारी यायची, खोकं ओढून वरचं चित्र बघायची आणि परत सरकवायची. सोनेरी घुमट, रांगेनं खिडक्या, नखाएवढे पहारेकरी. जन्म दुसऱ्याच्या शेतावर आणि कारखान्यात घालवलेल्या आईच्या घरात आज अख्खा राजवाडा आहे, हे तिला दर वेळी खरंच वाटायचं नाही.

“राजा खाली, मी वर,” आई, म्हणजे सोनुबाई, शेजारणींना सांगायची.

यंदा समतानं बेळगावजवळ हिंडलग्यात लहानसं घर घेतलं होतं. त्यावर एक खोली चढवायची, आईसाठी. गवंडी ठरला होता, फक्त हे खोकं विकलं जायचं राहिलं होतं. आज नाही गेलं, तर आईला आणखी एक पावसाळा इथं एकटीनं काढावा लागणार होता.

“हे काय?” सौरव एकदम थांबला.

झाकणाच्या कडेला पुठ्ठा कुरतडल्यासारखा दिसत होता.

“झुरळं,” सोनुबाई दारातूनच म्हणाली. “लई झाल्यात मेली. डांबरगोळ्या टाकून दमली मी.”

सौरवनं नखानं कड चाचपली. चिकटलेली बाजू तसूभर हलली नाही. “सील पक्कं आहे. कंपनीचं काम म्हणजे काय विचारता!”

“आमची आई पण कमी नाही,” समता घाईनं म्हणाली. विषय बदललेला बरा. “बिडी कारखान्यात तीस वर्षं बिड्यांच्या कट्ट्यांवर लेबलं चिकटवली तिनं. मालक म्हणायचा, सोनुबाईचं लेबल फाटंल, पण सुटणार न्हाय.”

“वा, मावशी!” सौरव म्हणाला आणि त्यानं पिशवीतून वजनकाटा काढला.

खोकं काट्यावर चढलं. आकडे हलले, थांबले. त्यानं भुवया वर केल्या. “कंपनीच्या वजनापेक्षा बारा ग्रॅम कमी भरतंय.”

सोनुबाईचा हात कमरेला खोचलेल्या पानतंबाखूच्या चंचीवर गेला. डॉक्टरनं तंबाखू सोडायला लावून पाच वर्षं झाली, पण चंची काही सुटली नव्हती. आत सुपारीची खांडं खुळखुळल्यासारखी वाजली.

“पुठ्ठा वाळतो हो,” सौरवच म्हणाला. “एवढं चालतंय.”

समतानं सुस्कारा टाकला.

सोनुबाई पुढं आली, चित्राकडं बघत राहिली. “एवढ्या वर चढायचं म्हंजे मागनं जिना असणार की.”

“असेल, मावशी. मागची बाजू खोक्यावर दाखवलेलीच नाही. आत जाडजूड पुस्तक असतं. एक अक्षर नाही, नुसती चित्रं. बघून कुणीही बांधावं.”

“आता तुम्ही बांधणार?” समतानं विचारलं.

“छे हो! मी कशाला उघडतोय? काचेच्या कपाटात ठेवणार. दहा वर्षांनी पुढच्याला असाच सीलबंद देणार. हा राजवाडा कुणी बांधायचा नसतो, मॅडम, नुसता सांभाळायचा असतो.”

मोबाईलवर पैसे आल्याची खूण झाली. दोघांनी मिळून खोकं पाळण्यातल्या पोरासारखं अलगद गाडीत ठेवलं. गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला कोगनोळीच्या दिशेनं गेली आणि समता घरात येऊन खाटेवर धपकन बसली. आईची खोली झाली! आनंदानं तिला रडूच फुटायला आलं. पण खाटेखालची मोकळी जागा दिसली आणि तिला कसंतरीच झालं.

“आये, सात वर्षं घरात राजवाडा हुता. आणि आपण एकदा पण बघितला न्हाय गं.”

सोनुबाईनं दार लोटून घेतलं. लेकीशेजारी बसली, कमरेची चंची सोडली आणि पदरावर उपडी केली. सुपारी नव्हतीच. नखाएवढे ठोकळे घरंगळले, सोनेरी, पांढरे, एक निळा.

“बांधून झाला की दर खेपेला हे एवढं उरतंय बघ,” ती हळूच म्हणाली. “कुठं बसतंय ते मला अजून काय गावलं न्हाय.”