उंबऱ्याबाहेरची भाषा

वडील आत व्हेंटिलेटरवर होते. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पुष्कर आणि सीमंतिनी, दोघा भावंडांनी डॉक्टरांना निर्णय सांगितला.

"पेशंट को और तकलीफ़ क्यों दें? मशीन हटा दीजिए," पुष्कर म्हणाला.

"हाँ, अब यही सही रहेगा," सीमंतिनी म्हणाली. दोघांचाही आवाज कापला नाही.

मग ती दोघं कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या आईकडे गेली. आईशी बोलायचं ते मराठीतच. ग्वाल्हेरात चार पिढ्या गेल्या, तरी तिच्या घरी हिंदीला चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर थांबावं लागे. लहानपणी हिंदीत पाणी मागितलं, तर ती ऐकूच आलं नाही असं दाखवायची.

"काय ठरलं?" आईनं विचारलं.

"आई, बाबांना आता..." पुष्करनं सुरुवात केली. 'बाबा' हा शब्द त्यानं सकाळपासून पहिल्यांदाच उच्चारला होता. पुढे त्याला बोलवेना. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"आपण बाबांची ती नळी..." सीमंतिनीही तिथेच अडली. तिनं भावाचं मनगट घट्ट धरलं. "दादा, हे काय ठरवून आलो रे आपण? डॉक्टरांना नको म्हणून सांग. आत्ता जा, पळ."

पुष्कर वळलाही.

"थांब," आई म्हणाली. तिनं दोघांना हाताला धरून शेजारी बसवलं, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि मान खाली घातली.

"मला हिंदीत सांगा."