आजचा बिघाड

तात्यासाहेबांनी टेबलावर कागद पसरले आणि सुदर्शनला वाटलं, आता आपलं कौतुक होणार. वरच्या प्रत्येक कागदावर त्याचाच फोटो होता. हातात पाना, कपाळाला ग्रीस, मागं उघडलेलं मशीन. मालकांसमोर फार फुगायला नको म्हणून तो जरा लाजल्यासारखा हसला.

"हे तूच लिव्हलं का?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"हो, मीच. आपलं असंच, वेळ मिळाला की."

वेळ मिळाला की म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी. वाळूजच्या त्या कारखान्यात दुचाकीच्या ब्रेकचे सुटे भाग तयार व्हायचे आणि सुदर्शन तिथला मेंटेनन्सचा प्रमुख होता. उन्हाळ्यात त्यानं लिंक्डइनवर 'आजचा बिघाड' नावाचं सदर सुरू केलं. कुठलं मशीन बंद पडलं, का पडलं आणि आपण ते कसं उभं केलं, हे तो चार ओळींत लिहायचा. लिहायचा झकास. तीन नंबरच्या प्रेसचा क्लच घसरला आणि यानं तो दीड तासात बसवला, ती पोस्ट तर चाळीस हजार लोकांनी वाचली.

मग फोन सुरू झाले. रांजणगावहून, साणंदहून, पार होसूरहून. गोड आवाजाची माणसं विचारायची, "सर, बदलाचा काही विचार?" विचार कसला? हर्सूलला स्वतःचं घर होतं, बायकोची, अपेक्षाची, शाळेतली नोकरी तिथंच होती आणि तात्यासाहेबांना सोडून जाण्याची कल्पनाही त्याच्या मनात येत नव्हती. तो प्रत्येकाला नम्रपणे नाही म्हणायचा आणि प्रत्येक नकारासरशी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"जायचं नाही तर एवढं बोलता कशाला?" गार झालेल्या ताटाकडं बघत अपेक्षा विचारायची.

"अगं, मागणी आहे म्हटल्यावर चार शब्द बोलावे लागतात."

फोन दोन दिवस आला नाही की गडी बेचैन. मग तो मशिनांकडं जरा आशेनंच बघायचा.

तात्यासाहेबांनी सगळ्यात खालचा कागद वर काढला. त्यावर फोटो नव्हता. ते पत्र होतं, त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं, पुण्याच्या कंपनीचं. नव्या गाडीच्या सुट्या भागांची ऑर्डर याच आठवड्यात पक्की व्हायची होती. तिच्या भरवशावर तात्यासाहेबांनी दुसरी पाळी उभी केली होती, सत्तर नवी माणसं घेतली होती.

"तूच वाच," ते म्हणाले. "माझ्यानं परत वाचवंना."

सुदर्शननं वाचलं. सात महिन्यांत त्रेसष्ट बिघाड, तारखेसकट, मशीनच्या नंबरासकट. 'आपल्याच अधिकाऱ्याने जाहीर केलेली ही माहिती पाहता, आपली यंत्रे आमच्या मागणीचा भार पेलतील याची खात्री वाटत नाही. सबब ही ऑर्डर देता येत नाही.' सोबत पुरावा म्हणून त्याच्याच पोस्ट जोडल्या होत्या.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अक्षर न् अक्षर त्याचं होतं. प्रत्येक पोस्टच्या शेवटी मशीन धडधडत सुरू झालं होतं, त्यावर शेकड्यांनी लाइक पडले होते. पुण्यात मात्र कुणीतरी फक्त पहिल्या ओळी मोजत बसलं होतं.

"तात्यासाहेब, मी तर दुरुस्तीचं लिहीत होतो हो."

"व्हय. ठाऊक हाय मला." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "सोमवारपासून दुसरी पाळी बंद. जे शेवटी लागले ते आधी जातील."

दाराशी चांदपाशा उभे होते. प्रेसवरचे सगळ्यात जुने कारागीर; कामगारांच्या वतीनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांची मुलगी गजाला दुसऱ्या पाळीत तपासणीला लागली होती. ती लागली त्या दिवशी त्यांनी सगळ्या खात्यात पेढे वाटले होते.

"साहेब," ते सुदर्शनलाच म्हणाले, "घरी जाऊन गजालाला काय सांगू? दो महिने बी झाले नाय तिला."

सुदर्शनला मान वर करवेना. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो कट करणार, इतक्यात तात्यासाहेबांची नजर नंबरावर गेली. त्यांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं.

"पत्राखाली हाच नंबर हाय. घे, घे. स्पीकरवर टाक. सांग त्यांना, मशिनं बघायला या म्हणावं. पाया पड, पण ऑर्डर सोडू नको."

चांदपाशा टेबलाजवळ आले. सुदर्शननं बटण दाबलं.

"सुदर्शनराव ना?" आवाज प्रसन्न होता. "पत्र मीच पाठवलंय, पण ते बाजूला ठेवा. तुमची एकही पोस्ट मी चुकवत नाही. आमच्या चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला अगदी असाच माणूस हवाय. पगाराचं तुम्ही म्हणाल तसं."

"साहेब, आमच्या ऑर्डरचं जरा..."

"तो विषय संपला हो. तुमचं बोलू आपण. फक्त एक अट आहे. इकडं आल्यावर ते लिहिणं साफ बंद करायचं." पलीकडचा माणूस मोकळेपणानं हसला. "आमची मशिनं तुमच्यापेक्षा जास्त बंद पडतात."