सात नंबर

रेडीच्या संघाकडून चार गोलांनी हरून आल्यावर सुशांत सरांनी पोरांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं आणि लॅपटॉप उघडला. खेळताना पोरांनी घातलेल्या जाकिटातल्या जीपीएसमुळे कोण कधी कुठे होता, ते पडद्यावर ठिपक्यांनी दिसत होतं. ज्याला पास देता आला असता, त्याच्याकडे हिरवी रेघ जात होती.

"हा सात नंबर बघा, आपला पुष्कर. सत्तावीस वेळा मोकळा! नऊ वेळा तर गोलच्या तोंडाशी. आणि पास किती? एकही नाही. डोळे फुटले होते काय तुमचे?"

पुष्कर लांब पायरीवर एकटाच बसून बुटातली वाळू झटकत होता.

कप्तान बाबू हळूच म्हणाला, "तो दिसत होतो, सर. पण गेल्या म्हयन्यात देवळात त्येच्या घराक वाळीत टाकूचा ठरला, तेवा तुमीपण हात वर केल्लास मां?"

केला होता. पण खेळात हे आणायचं नाही म्हणून त्यांनी पुष्करला संघातून काढलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना मनातून स्वतःचंच कौतुक होतं.

पुष्कर उठून आला. अंगातलं जाकीट काढून त्याने सरांपुढे धरलं. घ्यायला सरांचा हात अर्ध्यापर्यंत गेला. तेवढ्यात फाटकाबाहेरून गावातले दोघे-तिघे जाताना दिसले.

"थंय बाकड्यार ठेव," सर म्हणाले.