शिसं कुठून येतं

“मावशी, खरं सांगा. नमुना तुम्ही बदललात?”

गोदाम सांभाळणाऱ्या मावशी पिंपाचं झाकण लावता लावता थांबल्या. “मी? हे ऐकायचं राहिलं होतं फक्त!” आणि तोंड फिरवून कामाला लागल्या.

गुणवत्ता अधिकाऱ्याचं डोकं पार चक्रावलं होतं. औषधी पानांच्या अर्काची पूड परदेशी जायला तयार होती, कंटेनर दारात उभा होता. आणि त्याने स्वतः काढलेल्या नमुन्यात शिसं मर्यादेबाहेर निघालं होतं. त्याच पिंपातून मावशींनी काढलेला नमुना मात्र एकदम स्वच्छ!

“स्वच्छवाला अहवाल लाव आणि माल सोड,” मालक म्हणाले.

“आणि तिकडे पकडला गेला तर?”

“तर कारखान्याला टाळं. म्हणून म्हणतो, छडा तरी लाव, नाहीतर सही कर.”

त्याने पाणी तपासून घेतलं, पानं तपासून घेतली, यंत्रं उघडून पाहिली. कुठेच काही नाही. मग उरल्या मावशी.

तेवढ्यात बायकोचा फोन. “रोज सकाळी थोडं थोडं खरवडून त्या जुन्या खिडक्यांचा रंग कधी निघायचा? घरभर भुगा झालाय.”

“उद्या उरकतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो खिडकी उरकून तसाच कामावर आला. नवे हातमोजे, नवी बाटली. मावशींना गोदामाबाहेर उभं करून त्याने नमुना काढला, मोहोरबंद केला आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिला.

“पुन्हा शिसं,” तपासनीस बाई म्हणाल्या.

तो गोंधळला. आता तर मावशी जवळपासही नव्हत्या.

“फक्त तुमच्याच नमुन्यात येतंय,” बाई म्हणाल्या. “बाही पुढे करा.”

“म्हणजे चोर मीच का?”

बाईंनी कापूस भिजवला. ओल्या कापसाने त्याच्या स्वेटरची बाही पुसली, कापूस तपासायला लावला. तो बाकावर धुसफुसत बसून राहिला. मावशींपुढे आता कुठल्या तोंडाने जायचं, हेही त्याला कळेना.

दुपार कलल्यावर बाई बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

“माल स्वच्छ आहे, साहेब. शिसं तुमच्या बाहीवरच्या जुन्या रंगाच्या भुग्यातून येतंय. घरी लहान मूल आहे?”

“मुलगी आहे. कालपासूनच रांगायला लागलीय,” तो म्हणाला.