जिभेखालचा थर्मामीटर

सव्वादोन वर्षांची झाली तरी लेक बोलत नव्हती. कान तपासून झाले होते, दोष नव्हता. लसीकरणाच्या खोलीत सिस्टरनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" सासूबाईंनी सांगितलं. "भूक लागली?" तेही सासूबाईंनीच. "आजी, चेहरा उतरलाय तुमचा. ताप बघू," म्हणत सिस्टरनी त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. मग साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट बंद करून लेकीच्या हातात दिली आणि तिच्याकडे बघत बसल्या. बाहेर रांग खोळंबली होती. मी झाकणाकडे हात नेला, तर सिस्टरनी तो अलगद धरून ठेवला. लेकीनं बाटली हलवली, आपटली, आजीकडे पाहिलं. आजी गप्प. शेवटी तिनं बाटली सिस्टरपुढे धरली. "उघल." खोलीभर फुगे उडाले. सिस्टरनी थर्मामीटर काढला. "ताप नाही, आजी." सासूबाईंनी नातीकडे पाहिलं, थर्मामीटर मागून घेतला आणि पुन्हा तोंडात धरला.