उन्हात बांधलेली

सकाळी लिंबाजीने कोकरं डालग्याखाली झाकली, मेंढवाड्याचं काटेरी फाटक सरकवलं आणि कळप माळाकडे हाकायला काठी उचलली. काळ्या मेंढ्या धावत सुटल्या. दोन पांढऱ्या मात्र छपरात भिंतीला तोंड लावून थरथरत राहिल्या. त्यांचे कान सुजले होते, नाकावरची कातडी सोलून निघाली होती.

“परवा मेली तिच्यावानीच करून राहिल्यात,” शालूबाई नवऱ्याला म्हणाली. “अंगात गारठा भरलाय. अवो, उन्हात बांधा की!”

“तिलाबी बांधलीच व्हती.”

त्याने बोलावलेला गुरांचा डॉक्टर आला. त्याने मेंढ्यांचे डोळे उघडून पाहिले. “घाणेरीचा पाला खाल्लाय. त्याचं विष अंगात भिनलं की उन्हानं कातडी जळते. काळीला रंग राखतो, पांढरीला कोण राखणार? सावलीत ठेवा, वाचतील.”

दाव्याला हिसके देत सावलीकडे ओढणाऱ्या त्या मेंढीला परवा लिंबाजीने दोनदा उन्हात परत आणलं होतं.

काळ्या मेंढ्यांमागे शालूबाईला धाडून त्याने छपराच्या दारावर घोंगडी टांगली. कडेच्या फटीतून ऊन आत येतच होतं. तेव्हा तो आत शिरला आणि दिवस मावळेपर्यंत त्या फटीला पाठ लावून बसून राहिला.