भिंतीवरचे प्रश्न

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या खोलीत वाल्मिक आणि सुपडू, दोघांत खाट एकच. वाल्मिक दिवसपाळीला कापडाच्या लूमवर गेला की रातपाळीचा सुपडू तिच्यावर येऊन झोपायचा. भेट होत नसे, म्हणून वर्षभर दोघं एकमेकांसाठी भिंतीवर खडूने प्रश्न लिहून ठेवायचे. सुपडूचे इतिहासाचे, वाल्मिकचे फुटबॉलचे.

त्या संध्याकाळी 'पहिला वर्ल्डकप कोणी जिंकला?' याच्याखाली उत्तर नव्हतं. रोज उबदार असणारं अंथरूणही गार होतं.

खोलीमालक दारात आला. "सुपडूला सकाळी कारखान्यातूनच दवाखान्यात नेलं. शुद्धीवर नाही. घरी कोण असतं रे त्याच्या?"

"माहीत नाही."

मालक गेल्यावर वाल्मिकने तळहाताने आपला प्रश्न पुसला आणि त्या जागी लिहिलं, 'घरी कोण असतं रे तुझ्या?'